नववीच्या गटाचा बुधवार

सकाळी ७:००
जबलपुरात जुलैचा पाऊस लागला आहे. चहा घेताना गटाची वही उघडते. मी सरकारी हायस्कुलात गणित शिकवते आणि नववीच्या आठ मुलामुलींच्या गटाची मार्गदर्शक आहे. दर बुधवारी शेवटच्या तासाला आम्ही बसतो. वहीत गुण नसतात. मागच्या वेळी कोण बोललं, कोण गप्प राहिलं, कोणाला काय विचारायचं राहून गेलं, एवढंच असतं.

सकाळी १०:१५
फाटकाशी उभी राहते. मध्य प्रदेशात गावोगावच्या माध्यमिक शाळा आठवीला संपतात. मग बरगी, बरेला, पनागरकडची मुलं बसने किंवा सायकलने शहरात येतात. जुने सवंगडी कोणी दुसऱ्या शाळेत गेलेले असतात, कोणी दुसऱ्या तुकडीत. जोडीने येणारे कोण आणि एकटे कोण, हे इथे लगेच कळतं.

सकाळी ११:३०
गणिताचा तास. मागची उणीव भरून काढायला नववीच्या सुरुवातीला ब्रिज कोर्स असतो. अपूर्णांक विसरलेल्याला आपण हात देतो. मित्र दुरावलेल्याला मात्र ‘होईल सवय’ म्हणून सोडून देतो. मला हे पटत नाही. शेजारच्याला ‘हे कसं आलं?’ असं विचारायची ज्याला चोरी वाटते, त्याचं गणितही मागेच पडतं.

दुपारी १:३०
डब्याची सुट्टी. माध्यान्ह भोजन आठवीपर्यंतच मिळतं. तिथवर सगळी एका पंगतीत जेवलेली असतात. नववीत ज्याचा त्याचा डबा, आणि कोणाच्या घोळक्यात बसायचं हा रोजचा पेच. आमच्या गटातला एक मुलगा नळावर बाटली भरतो, अर्धी ओततो, पुन्हा भरतो. आपण रिकामे आहोत हे कोणाला दिसू नये, यासाठी सारी धडपड.

दुपारी ३:१५
गटाचे दुसरे मार्गदर्शक, विज्ञानाचे सर, आणि मी आजचा प्रश्न ठरवतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांतल्या ‘प्रोजेक्ट अराइव्ह’ उपक्रमातही अशीच रचना होती: नववीची सहा ते आठ मुलं आणि दोन मोठी माणसं. दोघं असलं की एक बोलत असताना दुसऱ्याला चेहरे वाचता येतात.

दुपारी ३:४५
बाकं सरकवून सतरंजीवर गोल बसतो. इथलं बोलणं बाहेर जात नाही. पण कोणाच्या जिवाला धोका असेल तर आम्ही गप्प बसणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं आहे. भिंतीवर चाइल्डलाइनचा 1098 आणि टेलि-मानसचा 14416 हे मदतीचे क्रमांक लिहिलेले आहेत.

‘‘डब्याच्या सुट्टीत तुम्ही कुठे असता?’’

बराच वेळ कोणी बोलत नाही. मग तो नळावरचा मुलगा म्हणतो, ‘‘मैडम, आठवीं के सब दोस्त छूट गए.’’ सर समजुतीचं काही सांगू लागतात. मी हलकेच हात वर करते, ते थांबतात. रांझीची मुलगी सांगते, ती रोज सूचनाफलक वाचत उभी राहते, सगळ्या सूचना पाठ झाल्या आहेत. हशा पिकतो. कोपऱ्यातला एक जण त्या मुलाला विचारतो, ‘‘तू बरगीच्याच बसने जातोस ना? थांब्यावर कधी दिसत नाहीस?’’ तो पुढच्या थांब्यापर्यंत चालत जातो. एकट्याने उभं राहणं नको वाटतं. मग दोघांत बसच्या वेळेची बोलणी सुरू होतात, आणि उद्या डबे एकत्र उघडायचे हेही मुलंच ठरवतात. आम्ही दोघं काहीच सुचवत नाही.

दुपारी ४:४५
एका मुलीच्या आईचा फोन. ‘‘ताई, गटात मुलगेही असतात म्हणे?’’ ‘‘हो, आणि आम्ही दोघं शिक्षकही असतो. पुढच्या बुधवारी तुम्हीच येऊन बघा.’’ मुलींच्या मैत्रीवर घरची नजर जास्त असते. आयांना विश्वासात घेतलं नाही, तर मुलगी गटातून गळते.

रात्री ९:००
वहीत लिहिते: आज मुलं माझ्याकडे न बघता एकमेकांशी बोलली. मार्गदर्शकाचं काम हेच. मैत्री लावून देता येत नाही, पण तिला ठरलेली जागा, ठरलेला वार आणि तीच ती माणसं देता येतात. म्हणून गटाची तासिका वेळापत्रकात छापलेली हवी, आणि अभ्यासक्रम मागे पडला की सर्वांत आधी तिच्यावर गदा येता कामा नये. नववीचे पहिले महिने एकट्याने काढलेलं मूल पुढे शाळेत रमवणं फार अवघड जातं.