उभयकुळींचे वारस

अलीकडच्या तरुण चित्रकारांत व कथालेखकांत एक छंद बराच रूढ झालेला आढळतो. कल्पित सृष्टीतील दोन पात्रे, एखादी जलकन्या आणि एखादा अग्निमुख दैत्य म्हणा, माता-पिता म्हणून योजावयाची, आणि उभयतांचे गुणधर्म एकत्र करून पूर्वी कोणी न पाहिलेले असे त्यांचे अपत्य निर्माण करावयाचे, असे त्या छंदाचे स्वरूप आहे. ही विलायती टूम आहे असे म्हणून नाक मुरडणाऱ्या गृहस्थांनी एकदा गणपतीच्या दिवसांत गुहागर तालुक्यातील वेळणेश्वराच्या बाजूला जाऊन, नारळीच्या आगरांमधून येणारा जाखडीचा ताल ऐकत, शक्तीवाले आणि तुरेवाले शाहीर एकमेकांस पुराणांतील जन्मकथांची कशी कोडी घालतात ते लक्षपूर्वक ऐकावे. कोणाचा पिता कोण, माता कोण, आणि गर्भधारणा कोणत्या निमित्ताने झाली, याविषयीची ती बारीक उलटतपासणी एखाद्या वारसाहक्काच्या दाव्यात शोभावी अशी असते.

अशा कोड्यांसाठी मकरध्वजासारखे दुसरे पात्र नाही. वाल्मीकीच्या रामायणात त्याचा मागमूस नाही. तो आला उत्तरकालीन कथापरंपरेतून, आणि शके 1625 मध्ये पूर्ण झालेल्या श्रीधरांच्या 'रामविजया'सारख्या ग्रंथांच्या चातुर्मासातील वाचनामुळे राम-लक्ष्मणांना पाताळात पळवून नेणाऱ्या अही-महीचे आख्यान आपल्या ओसरीवर स्थिरावले. या पात्राच्या कर्त्यापुढील अडचण मोठी बिकट होती. पिता म्हणून मारुती हवा, आणि मारुती तर आजन्म ब्रह्मचारी. म्हणजे ज्याला अपत्य होणेच निषिद्ध, त्याचे अपत्य कल्पावयाचे. लोककथेने तोड काढली ती अशी की, लंकादहनानंतर श्रांत झालेला मारुती समुद्रावर आला असता त्याच्या घामाचा थेंब पाण्यात पडला, तो एका मगरीने गिळला, ती पुढे पाताळातील पाकशाळेत चिरली गेली आणि तिच्या उदरातून हा बालक निघाला. पित्याचे व्रत अभंग राहिले, आणि पित्याला पुत्र असल्याची वार्ताही नाही, या एका गोष्टीत पुढच्या साऱ्या नाट्याचे बीज पडले.

अर्धा वानर आणि अर्धा मत्स्य असे चित्र काढणे कोणाही बऱ्या हाताच्या चितार्‍याला साधेल. परंतु मकरध्वज जो ध्यानात राहतो तो शरीरामुळे नव्हे. राम-लक्ष्मणांना सोडविण्यासाठी मारुती पाताळाच्या दाराशी येतो, तेथील द्वारपाल स्वतःला मारुतीचा पुत्र म्हणवितो, ओळख पटते, पुत्र पित्याला वंदन करतो, आणि तरीही वाट देत नाही. कारण ज्याचे अन्न खाल्ले त्याचे दार राखणे हा धर्म त्याने कोणाकडून शिकला असेल तर तो न पाहिलेल्या बापाच्या रक्ताकडूनच. स्वामिनिष्ठा हा मारुतीचा मुख्य गुण. तोच गुण पुत्रात उतरतो आणि मारुतीच्याच आड येतो. वारसा म्हणजे काय, याचे याहून चतुर उदाहरण मला ठाऊक नाही.

याच अपत्याची दुसरी प्रत सयामात सापडते. थाई 'रामकियेन'मधील हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला रसिक आहे. सेतूचे दगड पळविण्यास रावणाने धाडलेल्या त्याच्याच कन्येवर, सुवर्णमत्स्या नामक जलकन्येवर, तो अनुरक्त होतो आणि त्यांना मच्छानू हा शेपटीच्या जागी माशाचे पुच्छ असलेला वानरपुत्र होतो. तेथे घामाच्या थेंबाची गरजच उरली नाही. मात्र पाताळाच्या वाटेवरील पहारा, बापलेकांचे युद्ध आणि पालनकर्त्याशी इमान या तिन्ही गोष्टी तेथेही कायम आहेत. मच्छानू मार्ग उघड सांगत नाही, आडवळणाने सुचवितो. माता बदलली, पित्याचे शील बदलले, तरी दारातला पेच कोणत्याही कथाकाराला टाकून देववला नाही.

घटोत्कचाचा मामला याहून गंभीर आहे. व्यासांनी त्याचे रूप बहुतांशी हिडिंबेच्या कुळाचे दिले: विशाल मुख, टोकदार कान, तीक्ष्ण दाढा, आणि जन्मताच आलेले तारुण्य. भीमाकडून आले ते बळ आणि पांडवांविषयीची भक्ती. स्मरण करताच हजर होण्याचे वचन त्याने दिले आणि गंधमादनाच्या वाटेवर थकलेल्या द्रौपदीला वाहून नेऊन ते पाळलेही. पुढे द्रोणपर्वातील रात्रियुद्धात, राक्षसांचे बळ रात्री वाढते म्हणून, मातेचा वारसा पित्याच्या कामी आला. कर्णाने अर्जुनासाठी जपून ठेवलेली वासवी शक्ती त्याच्यावर खर्चिली, आणि मरतानाही देह वाढवून तो कौरवसैन्यावर कोसळला. पांडव शोक करीत असता कृष्ण मात्र हर्षाने नाचतो. हा यज्ञद्वेष्टा होता, कर्णाने मारला नसता तर मलाच मारावा लागला असता, असे तो सांगतो. सेवा पित्याच्या खात्यावर जमा झाली आणि दोष मातेच्या. हा हिशेब वाचताना मला दर वेळी कृष्णाचा थोडा राग येतो. भासाच्या नावावर असलेल्या 'मध्यमव्यायोगा'त हाच घटोत्कच अधिक सुज्ञपणे हाताळला आहे: आईच्या पारण्यासाठी ब्राह्मणपुत्र धरून नेणे त्याला मनातून रुचत नाही, पण आईची आज्ञा मोडवत नाही, आणि अनोळखी बापाशी तो त्या आज्ञेपायीच भिडतो. मराठी चित्रपटसृष्टीला तो लवकरच भेटला. घटोत्कचाने घडवून आणलेल्या अभिमन्यूच्या विवाहाची, व्यासांना ठाऊक नसलेली कथा घेऊन बाबूराव पेंटरांनी 1921 मध्ये 'सुरेखाहरण' काढले.

आता कोणी नवे पात्र घडवू म्हणेल तर त्याने वेळणेश्वरापासून दूर जाण्याचे कारण नाही. शिमग्याच्या खेळ्यांत काळ्या पायघोळ पोशाखात, कमरेची घुंगरे वाजवीत फिरणारा संकासुर पिता म्हणून घ्यावा: वेद पळवून समुद्रात दडविणारा, मत्स्यावताराने मारलेला, आणि तरीही ज्याला भाविक नवस बोलतात असा विलक्षण असुर. माता म्हणून विहिरी-पाणवठ्यांवरील साती आसरांपैकी एक घ्यावी. बाप खाऱ्या पाण्याचा, आई गोड्या पाण्याची. बापाचा स्वभाव दडविण्याचा, आईचा पाजण्याचा, आणि रागावली तर बुडविण्याचाही. कन्येचे वसतिस्थान समुद्रालगतच्या एखाद्या आगरातील विहीर. अंगावर खवले आणि हातात शंख देण्याचा मोह टाळावा. बापाकडून तिला फक्त साठविण्याची हाव द्यावी, आईकडून तहानलेल्याला परत न पाठविण्याचे व्रत. मग वैशाख आणावा, कारण पावसाळ्यात धो धो भिजणाऱ्या कोकणात वैशाखात हंडे रिकामे असतात हे वाचकांस सांगणे नलगे. बापाने विश्वासाने सोपविलेली पोथी विहिरीच्या तळाशी आहे, पाणी उपसले गेले की ती उघडी पडणार, आणि बायका रहाटाशी येऊन उभ्या आहेत. एवढी तजवीज झाली की शाहिराने वग लिहावयास बसण्यास हरकत नाही. मुखवट्याचा रंग मागाहून ठरविता येईल.