गोदामासाठी गाडी घेताना

सोयाबीन, तूर, हरभरा साठवायला आता बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्याही गोदाम चालवू लागल्या आहेत. गोदाम झालं की माल हलवायच्या गाड्यांची माहिती घेऊन विक्रेते येतात. त्यांत एक ऑर्डर पिकर असते. ती आपल्याला लागते का, ते आज आपण बघू.

आधी वजनाचा हिशोब करू. १०० क्विंटल सोयाबीन म्हणजे ५० किलोची २०० पोती. उतरवणं, थप्पी लावणं, थप्पी मोडणं आणि पुन्हा ट्रकमध्ये भरणं, असं प्रत्येक पोतं चार वेळा उचललं जातं. म्हणजे ४० टन वजन माणसांच्या अंगावरून जातं. त्याने कंबर आणि गुडघे धरतात. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बाईचा त्रास आणखी वाढतो. इजा होईल इतकं वजन कोणालाही उचलायला लावू नये, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच, कलम ३४ मध्ये, लिहिलेलं होतं. म्हणून गाडी ही चैन नाही. पण चुकीची गाडी घेतली तर गटाचे पैसे अडकतात आणि पोती पाठीवरच राहतात.

ऑर्डर पिकरमध्ये चालवणारी बाई किंवा माणूस पाळण्यासारख्या फळीवर उभा राहून गाडीसोबत वर जातो आणि उंच मांडणीवरून हवे तेवढेच खोके काढतो. आपल्या जालन्यातलं बियाण्याचं काम डोळ्यांसमोर आणा. बीटी कपाशीचं पाकीट ४७५ ग्रॅमचं. खरिपाच्या तोंडावर एका दुकानदाराला या वाणाचे दहा खोके, दुसऱ्याला त्या वाणाचे पाच. असा सुटा माल उंच मांडणीवरून दिवसभर काढायचा असेल तर ही गाडी उपयोगी. पोत्यांच्या थप्पीला तिचा उपयोग नाही. ५० किलोचं पोतं वर उभं राहून हातानेच ओढावं लागेल.

मग पोत्यांना काय? लाकडी पॅलेटवर २० पोती रचली की एक टन झालं. हँड पॅलेट ट्रक ते पॅलेट जमिनीपासून वीतभर उचलतो आणि आपण ढकलत नेतो. त्याला वीज लागत नाही. पॅलेटवर पॅलेट चढवायचं असेल तर स्टॅकर घ्यावा. त्यात माल वर जातो, माणूस खालीच राहतो. चार-पाच पोती हलवायला दोन चाकांची ढकलगाडी पुरते. ती गावातला वेल्डिंगवालाही करून देईल.

विक्रेत्याशी बोलण्याआधी टेप घेऊन गोदाम मोजा. दाराची उंची, छताची उंची, दोन थप्प्यांमधली वाट. जमीन बघा. या गाड्यांची चाकं लहान असतात. मुरमाच्या किंवा फुटक्या फरशीवर ती अडतात आणि उंच गेलेली गाडी कलंडू शकते. सपाट, पक्कं काँक्रीट नसेल तर पहिला खर्च जमिनीवर करा.

किती वजन उचलते एवढंच विचारू नका. पूर्ण उंचीवर किती उचलते, तेही विचारा, कारण जसजसं वर जावं तशी ताकद कमी होते. बॅटरीची गाडी असेल तर चार्जर सिंगल फेजवर चालतो का, चार्जिंगला किती तास लागतात आणि दुरुस्तीला माणूस कुठून येतो, हे लिहून घ्या. पाण्याच्या बॅटरीतून चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो. म्हणून ती हवेशीर जागी ठेवा, जवळ विडी किंवा चूल नको.

आता जिवाचं बोलू. स्टॅकरच्या लोखंडी दांड्यांवर किंवा त्यांना बांधलेल्या घरगुती पिंजऱ्यात उभं राहून कोणीही वर जायचं नाही. ऑर्डर पिकरवर काम करणाऱ्या बाईला तिच्या मापाचा सुरक्षा पट्टा हवा. पुरुषाच्या मापाचा ढिला पट्टा पडताना धरत नाही. पदर, ओढणी खोचलेली हवी. आणि गाडी घेताना प्रशिक्षण मागा, तेही बायकांना. नाहीतर गाडी गटाची आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात, असं होतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी वहीत लिहा: माल पोत्यात की खोक्यात, तो किती उंच ठेवायचा, आणि दिवसातून किती वेळा काढायचा. गाडी कोणती, ते यावरूनच ठरेल.