कूलरची घरघर जाते, शेजारची बडबड राहते

जालन्यातल्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात हजार-बाराशेचे इअरबड मागा. काउंटरवर येणाऱ्या बऱ्याच खोक्यांवर ‘ईएनसी’ ही अक्षरं ठळक छापलेली असतात आणि ‘हे बाहेरचा आवाज कट करतं’ असं विकणारा सांगतो. तो खोटं बोलत नाही. कोणाच्या कानात कट करतं, एवढंच सांगायचं राहून जातं. ईएनसी माइकसाठी असतं. मोंढ्यात उभं राहून तुम्ही फोन लावलात, तर टेम्पोचे हॉर्न आणि लिलावाची बोली पलीकडच्याला कमी ऐकू यावी, हे त्याचं काम. तुमच्या स्वतःच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. कानात येणारा आवाज कमी करणारं तंत्र वेगळं, त्याला एएनसी म्हणतात. खोक्यावर फक्त ईएनसी असेल आणि तुम्हाला अभ्यासासाठी शांतता हवी असेल, तर ते खोकं तिथेच ठेवा.

एएनसी असलेला हेडफोन घेतला की दुसरा गैरसमज सुरू होतो: बटण दाबलं की सगळं जग चिडीचूप. तसं होत नाही, आणि का होत नाही हे समजलं की खरेदी निम्मी सोपी होते.

या हेडफोनला बारीक माइक असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात, आतली चिप त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करते आणि दोन्ही लहरी कानाशी एकमेकींना मारतात. सगळा खेळ वेळेचा. १०० हर्ट्‌झच्या जाड आवाजाची एक लहर पुरी व्हायला १० मिलिसेकंद लागतात. उलटी लहर यायला ०.१ मिलिसेकंद उशीर झाला तरी बिघडत नाही. ४,००० हर्ट्‌झच्या किनऱ्या आवाजाची लहर मात्र पाव मिलिसेकंदात संपते. तिथे तेवढ्याच उशिराने उलटी लहर जवळजवळ सुलटी होते आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो. म्हणून एएनसी साधारण एक हजार हर्ट्‌झच्या खाली जोरदार चालतं, त्याच्या वर ढेपाळतं. शिवाय आवाज एकसारखा हवा. कुकरची शिट्टी, खुर्ची सरकवल्याचा कर्रकन आवाज किंवा पोराची अचानक किंकाळी त्याच्या तावडीत फारशी येत नाही.

या तंत्राचा जन्म पाहिला तरी त्याचा स्वभाव कळतो. उलट्या लहरीच्या कल्पनेवर पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं होतं, पण ती हेडफोनमध्ये उतरायला काही दशकं गेली. बंगाली वडिलांचे अमेरिकन चिरंजीव अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून विमानाने परतत होते. विमानात दिलेल्या हेडफोनमधलं संगीत इंजिनाच्या घरघरीत बुडत होतं. तिथेच त्यांनी गणितं मांडायला घेतली, आणि त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. म्हणजे हे यंत्र मुळात विमानाच्या घरघरीसाठी घडलं. शेजाऱ्याच्या गप्पांसाठी नव्हे.

आपल्याकडे विमानाची जागा कूलर घेतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, घराघरांत आणि अभ्यासिकेत पत्र्याचे कूलर सुरू होतात, आणि ती जाड, न थांबणारी घरघर हे एएनसीचं हक्काचं खाद्य आहे. लाल परीचं इंजिन जागेवर थरथरतं तो आवाजही त्यातलाच. खिडकीच्या काचांची खडखड मात्र उरते. खिडकीजवळ बसून वारा कानावर घेतला तर माइकवर आपटणारा वाराच आत घोंघावतो, तेव्हा एएनसी बंद केलेलं बरं. ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेली जालना-मुंबई वंदे भारत (आता ती नांदेडहून धावते) या बाबतीत आदर्श: बंद डबा आणि एसीची एकसुरी घूं घूं. तिथे चांगला एएनसी हेडफोन पैसे वसूल करतो. पुढच्या सीटवर मोठ्या आवाजात रील बघणाऱ्या काकांचं मात्र काही करू शकत नाही.

एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरापोरींचा खरा वैताग कूलर नसतोच, कुजबुज असते. माणसाच्या बोलण्यातले शब्द ओळखू येतात ते मुख्यतः त्यातल्या वरच्या सुरांमुळे, आणि तिथे एएनसी दुबळं. उलट कूलरची घरघर गेल्यावर तिच्याखाली दबलेली कुजबुज जास्तच टोचते, असा अनुभव अनेकांना येतो. बोलण्यावर दोनच गोष्टी चालतात. एक, कानाचं भोक नीट बुजवणं. दोन, हळू आवाजात पावसाचा किंवा पंख्याचा एकसुरी आवाज लावून शब्द पुसून टाकणं. ज्याला फक्त वाचायचं आहे, गाणं-व्याख्यान काही ऐकायचं नाही, त्याने चार हजारांच्या हेडफोनआधी फोमचे साधे इअरप्लग वापरून बघावेत. मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतात, आणि चार्जिंगची कटकट नाही.

आकड्यांचाही एक घोळ आहे. ‘३२ डेसिबलपर्यंत’ असं छापलेलं असलं की ‘पर्यंत’ हा शब्द कोणी वाचत नाही. तो आकडा एखाद्या ठराविक सुरावर, प्रयोगशाळेत मिळालेला सर्वोत्तम आकडा असतो. सगळ्या आवाजांवर मिळणारा नव्हे. शिवाय डेसिबलचं माप सरळ चढत नाही. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट बदलते, पण कानाला तो साधारण निम्मा किंवा दुप्पट वाटतो. म्हणून ३० आणि ३२ असे आकडे शेजारी ठेवून दोन डेसिबलसाठी पाचशे रुपये जास्त मोजण्यात राम नाही.

‘महाग तेवढं शांत’ हेही तितकंसं खरं नाही. झाकण नीट न बसलेल्या कुकरला वाफ धरत नाही, तसं टिप सैल बसलेल्या इअरबडला एएनसी धरत नाही. जाड आवाज बारीकशा फटीतूनही आत येतो. खोक्यात तीन मापांच्या रबरी टिप असतात, आणि बहुतेक जण बडला आधीच लावलेली मधली टिप आयुष्यभर वापरतात. दोन्ही कानांची भोकं सारखी असतीलच असं नाही. डाव्याला मोठी, उजव्याला मधली लागू शकते. डोक्यावरून घालायचे मोठे हेडफोन आवाज चांगला अडवतात, पण चष्म्याची काडी गादीखाली आली की तिथे फट पडते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गादीखाली घामाची धार लागते ती वेगळीच. कान वाहत असेल तर मात्र काहीच आत घालू नका, आधी डॉक्टर.

दुकानात पारख कशी करायची? गाणं लावू नका. गाण्याने सगळंच झाकलं जातं, आणि दुकानदार नेमकं तेच लावून देतो. गाण्याविना बड कानात घाला, दुकानातल्या पंख्या-कूलरजवळ उभे राहा, एएनसी चालू-बंद करा. घरघर ठळकपणे खाली बसली पाहिजे. बसली नाही तर टिप बदलून पुन्हा बघा. मग रस्त्याकडे तोंड करून स्वतःचा आवाज बडच्या माइकमधून फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ईएनसी खरं किती हे तिथे कळतं.

‘एएनसीच्या उलट्या लहरींनी कान खराब होतात’ ही भीती बिनबुडाची. काहींना चालू करताच कानाला दडे बसल्यासारखं वाटतं. हवेचा दाब प्रत्यक्षात बदललेला नसतो, जाड आवाज एकदम गेल्याने मेंदूला तसं भासतं. कान खराब होतात ते आवाज वाढवून ऐकल्याने. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, सरासरी ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. एसटीत इंजिनावर मात करायला आपण गाण्याचा आवाज वाढवतो. घरघर कमी झाली तर तो खाली ठेवता येतो, आणि एएनसीचा कानाला झालाच तर हा फायदा आहे.

आता सगळ्यात घातक गैरसमज, आणि तो जालन्यात विशेष महत्त्वाचा. इथल्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई ओढणाऱ्या रोलिंग मिल आहेत. अशा मिलमध्ये लोखंडावर लोखंड आदळत असतं. ‘माझे बड आवाज कट करतात, मग वेगळं कानसंरक्षक कशाला?’ असं कामावरच्या तरुणाला वाटू शकतं. गाण्याचे बड हे सुरक्षा साधन नाही. हातोड्यासारखे अचानक ठोके एएनसीच्या हाताबाहेरचे, बॅटरी पाळीच्या मध्येच संपते, आणि कानात गाणं असलं की क्रेनचा भोंगा ऐकू येत नाही. मिलमध्ये चालतात ते प्रमाणित इअरप्लग किंवा इअरमफ. भारतीय मानक आयएस ९१६७ कानसंरक्षकांसाठीच आहे.

कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतली नायॉश ही संस्था ८५ म्हणते, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशोबाने १०० डेसिबलमध्ये उघड्या कानाने फक्त १५ मिनिटं. आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कायद्याने नोंद करावा लागणारा व्यवसायजन्य आजार आहे. तो दुखत नाही आणि परत फिरत नाही. आधी किनरे आवाज जातात, घरच्यांना वाटतं माणूस लक्ष देत नाही.

फोमचा प्लग नुसता भोकावर टेकवला तर काही उपयोग नाही. हात धुवा, तो बोटांत वळून वातीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. बरोबर बसला तर स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो.

राहिला डीजे. तिथे कुठलाच हेडफोन पुरा पडत नाही. इतक्या मोठ्या आवाजात त्याचे माइकच गडबडतात, आणि बासचा ठोका छातीतून, कवटीच्या हाडांतून थेट आत शिरतो; कान कितीही घट्ट बुजवला तरी हाडांची वाट उघडीच राहते. वरातीत लहान मूल कडेवर असेल तर स्पीकरच्या भिंतीपासून लांब जायचं, मुलाला इअरमफ घालायचे. आणि २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला मनाई आहे. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, तेवढे सोडून दहाच्या पुढे भिंत दणाणत असेल तर ११२ लावता येतो.