पेशीच्या दाराला जनुकाचे कुलूप

एच.आय.व्ही. बाधितांना शासकीय ए.आर.टी. केंद्रांतून २००४ सालापासून विनामूल्य औषधे दिली जात आहेत. ती नियमित घेतल्यास रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत आढळू नये इतके खाली येते. मात्र औषधे थांबविली की बहुधा काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा डोके वर काढतो. कारण काही पेशींच्या जनुकद्रव्यात आपली प्रत मिसळून तो सुप्तावस्थेत दडलेला असतो. मग विषाणूला पेशीत शिरूच न देण्याची तजवीज खुद्द पेशीच्या जनुकात करता येईल काय, या प्रश्नाने शास्त्रज्ञांचे लक्ष वेधून घेतले.

हा विषाणू मुख्यत्वे शरीराचे रक्षण करणाऱ्या सी.डी. ४ पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो. पेशीच्या पृष्ठभागावरील सी.डी. ४ या प्रथिनाला तो प्रथम चिकटतो. पण एवढ्याने दार उघडत नाही. त्यास आणखी एका प्रथिनाचा आधार लागतो व ते बहुधा सी.सी.आर. ५ हे असते. १९९६ मध्ये ही गोष्ट उघडकीस आली. त्याच वर्षी असेही आढळले की, काही माणसांत या प्रथिनाच्या जनुकातील ३२ अक्षरे जन्मतःच गळालेली असतात. माता व पिता या दोघांकडूनही असे जनुक लाभलेली व्यक्ती वारंवार संपर्क येऊनही सहसा बाधित होत नाही. उत्तर युरोपात शंभरात सुमारे एक व्यक्ती अशी असते. भारतात असे जनुक अत्यंत दुर्मिळ आहे.

या निसर्गदत्त कुलपाचा उपयोग बर्लिनचे डॉ. गेरो ह्यूटर यांनी करून घेतला. टिमथी रे ब्राऊन या त्यांच्या रुग्णाला एच.आय.व्ही.च्या जोडीला रक्ताचा कर्करोग झाला होता. रक्तातील मूलपेशींचे रोपण करावयाचेच होते, तर दाता असे जनुक असलेलाच का शोधू नये, असा विचार त्यांनी केला. एकसष्टाव्या दात्यात ते सापडले. २००७ व २००८ अशी दोन रोपणे झाली. ब्राऊन यांच्या शरीरात विषाणू पुन्हा दिसला नाही. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले ते कर्करोग उलटल्यामुळे. अर्थात, असे रोपण जिवावर बेतू शकते व केवळ एच.आय.व्ही.साठी ते कोणी सुचविणार नाही. शिवाय २०२३ मध्ये जिनिव्हाच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच्या दात्याचे सी.सी.आर. ५ जनुक सर्वसामान्यच होते, तरी औषधे थांबविल्यावर विषाणू परतला नव्हता. म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्या जुन्या पेशींचा नाश करतात, त्याचाही या यशात मोठा वाटा असावा.

दाता न शोधता रुग्णाच्याच पेशींत हा बदल घडविण्याचा प्रयोग अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठात झाला. बारा रुग्णांच्या सी.डी. ४ पेशी बाहेर काढून, जनुक कापणाऱ्या विशिष्ट प्रथिनाने त्यांतील सी.सी.आर. ५ निकामी केले व त्या पेशी परत शरीरात सोडल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वैद्यकीय देखरेखीखाली काहींची औषधे थांबविली असता विषाणू परतला. परंतु बदललेल्या पेशी इतर पेशींपेक्षा अधिक टिकल्या. कुलूप टिकाऊ होते, पण ते थोड्याच दारांना लागले होते. तेव्हा गावात कोणी जनुकोपचाराची बातमी वाचून गोळ्या बंद करू पाहत असेल, तर शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्यास हा तपशील अवश्य सांगावा.

याच जनुकाच्या नावाने एक अनिष्ट प्रकारही घडला. चीनमधील हे च्यान्-क्वे यांनी मानवी भ्रूणांत हा बदल करून जुळ्या मुली जन्मास घातल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले. वास्तविक, बाधित पित्यापासून अपत्यास संसर्ग होऊ न देण्याचे सुरक्षित मार्ग उपलब्ध होते. २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली.

एक अडचण मात्र खुद्द विषाणूने निर्माण केली आहे. त्याचे काही प्रकार सी.सी.आर. ५ ऐवजी सी.एक्स.सी.आर. ४ या दुसऱ्या दाराने आत शिरतात, आणि रक्तपेशींच्या सामान्य कार्याला आवश्यक असल्याने हे दार सरसकट बंद करता येत नाही. भारतात प्रामुख्याने आढळणारा 'सी' हा उपप्रकार बहुतांशी पहिल्याच दाराचा वापर करतो.