कैलास फोटोत मावतो कसा?

वेरूळच्या कैलास लेण्यात नवख्यानं काढलेला पहिला फोटो बहुधा असाच येतो: आकाश पांढरंफटक, खांबांमागची शिल्पं काळीठिक्कर आणि शिखर मागे कललेलं. डोळ्यांना तर सगळं लख्ख दिसत होतं! मग तो फोटो एखाद्या जाणत्याच्या हाती जातो आणि प्रश्न येतो, "यात काय चुकलं?" या साध्या प्रश्नाचं उत्तर किती खोल जातं, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

आधी डोळ्याची करामत. डोळा सगळं दृश्य एका दमात पाहतच नाही. आकाशाकडे वळला की बाहुली आकसते, नजर अंधारात शिरली की ती रुंदावते. डोळ्याचा पडदाही जागोजागी आपली संवेदनशीलता बदलत राहतो आणि या तुकड्यांतून मेंदू एक सलग चित्र जुळवतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरला एका फोटोपुरतं एकच एक्स्पोजर मिळतं. आकाश सांभाळलं तर मंडप बुडतो, मंडप उजळला तर आकाश जळतं.

इथे आकड्यांची एक गंमत आहे. उजेड दुप्पट झाला की फोटोग्राफर एक 'स्टॉप' मोजतात. सेन्सरची कच्ची नोंद असलेल्या १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये उजेडाच्या जास्तीत जास्त १६,३८४ पायऱ्या असतात. त्यातल्या निम्म्या, म्हणजे ८,१९२, एकट्या सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला येतात. त्याखालच्याला ४,०९६, मग २,०४८... दहाव्या स्टॉपला उरतात फक्त १६! अंधाऱ्या भागावर प्रकाश मुळातच कमी पडलेला, त्यात पायऱ्याही मोजक्या. म्हणून एडिटिंगमध्ये सावल्या फार उचलल्या की दाणे दिसू लागतात. उलट आकाश एकदा पूर्ण जळलं की तिथली माहिती कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. म्हणून फोटो काढताना आकाश जळू द्यायचं नाही आणि सावल्या नंतर बेतानं उजळायच्या. नेहमीच्या जेपेगमध्ये दर रंगाला २५६ पायऱ्याच असतात, त्यामुळे हे काम रॉ फाइलवर जास्त चांगलं जमतं.

मग एडिटिंग म्हणजे लबाडी का? याचं उत्तर अजिंठ्यात आहे. लेणी क्रमांक १ मधल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर उभे राहा. भोवतालच्या आकृतींपेक्षा तो मोठा, मान किंचित झुकलेली, नजर खाली, हातात निळं कमळ. चेहऱ्याचे पुढे आलेले भाग चित्रकारानं उजळ ठेवलेत आणि कडेला रंग गडद होत गेलाय. सपाट भिंतीवर गोलाई उभी राहते ती यामुळे. एका जागी उजेड वाढवायचा, दुसरीकडे दाबायचा, म्हणजे पाहणाऱ्याची नजर हवी तिथे थांबते. फोटोग्राफर याला डॉजिंग आणि बर्निंग म्हणतात. अजिंठ्याच्या कलावंतांना हे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी अवगत होतं!

कॅमेराही इथे फार लवकर पोचला. मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती रंगवायला आला. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण त्यानं कॅमेराही हाती घेतला होता आणि लेण्यांचे त्याचे फोटो १८६४ मध्ये पुस्तकात छापून आले. विसाव्या शतकाच्या अखेरीस बिनॉय बहल यांनी अगदी मंद उजेडात दीर्घ एक्स्पोजर देऊन ही चित्रं टिपली. नाशिकचे प्रसाद पवार तर फोटोंच्या आधारे या चित्रांचा हरवलेला भाग डिजिटल पद्धतीनं पुन्हा उभा करत आहेत. मूळ भिंतीला हातही न लावता! एडिटिंग इतकं अभ्यासाचं काम असू शकतं.

आता ते कललेलं शिखर. सुमारे ३० मीटर उंच मंदिर फ्रेममध्ये घ्यायला आपण कॅमेरा वर वळवतो आणि उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. एडिटिंगमध्ये त्या सरळ होतात, पण कडा कापल्या जातात. म्हणून चारी बाजूंनी जागा सोडून फोटो घ्यावा. त्याहून सुंदर उपाय म्हणजे बाजूच्या डोंगरावर चढणं. कारागिरांनी हे मंदिर वरून खाली कोरत आणलं. त्याच उंचीवरून गोपूर, नंदीमंडप आणि मुख्य मंदिर एका ओळीत उलगडतं आणि रचना समजते.

छत्रपती संभाजीनगर शहरातला बीबी का मकबरा याच्या उलट धडा देतो. दक्षिणेच्या दरवाजातून आत आलं की कारंज्यांचा पट्टा नजरेला थेट घुमटाकडे नेतो. समोरून घेतलेल्या फोटोत एक पाऊल बाजूला सरकलं तरी समतोल ढळलेला दिसतो. शिवाय कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्याला करडं समजतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवावं लागतं. ते जरा जास्त झालं तर घुमटाचा संगमरवर आणि खालच्या भिंतींचा गिलावा यांतला फरक पुसला जातो.

फोटो दाखवताना "कसा आहे?" असं विचारू नका. "तुमची नजर आधी कुठे गेली? मग कुठे अडली?" असं विचारा. मूळ फोटो आणि एडिट केलेला फोटो शेजारी ठेवा आणि काय बदललं, का बदललं ते सांगा. "छान" या शब्दातून फार काही शिकता येत नाही. नजर कुठे अडली हे कळलं, तर पुढच्या वेळी कुठे उभं राहायचं ते समजतं. पुढच्या सुट्टीत वेरूळला जा, सकाळी आणि दुपारी त्याच जागेवरून कैलासाचा एकेक फोटो घ्या आणि हे दोन प्रश्न जाणत्याला विचारून पाहा.