नव्वद तासांचा हिशेब

सायकल हे वाहन महाराष्ट्रातील मुलांना नवे नाही. शाळेत जाण्यासाठी, दळण आणण्यासाठी, शेतावर भाकरी पोहोचविण्यासाठी ती वापरली जाते, आणि पुणे तर एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जात असे. पाचदहा किलोमीटर सायकल चालविली की पुष्कळांची हौस फिटते. परंतु बाराशे किलोमीटर अंतर, वाटेत चार रात्री, ऊन, पाऊस व समोरचा वारा, आणि हे सर्व नव्वद तासांच्या आत पुरे करावयाचे, असा बेत करणारी माणसेही जगात आहेत. दर चार वर्षांनी ऑगस्ट महिन्यात ती फ्रान्समध्ये पॅरिसजवळ जमतात, तेथून पश्चिमेकडे अटलांटिक महासागराच्या काठी असलेल्या ब्रेस्ट बंदरापर्यंत जातात आणि आल्या दिशेने माघारी येतात. या उपक्रमाला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस असे सरळ साधे नाव आहे.

याचा आरंभ १८९१ साली झाला. हवा भरलेले रबरी टायर त्या वेळी नुकतेच निघाले होते, आणि सायकल हे श्रीमंतांचे खेळणे आहे की खरोखरीचे वाहन, याबद्दल लोकांत वाद होता. प्येर झिफार नावाच्या एका फ्रेंच पत्रकाराने आपल्या वृत्तपत्रातर्फे ही शर्यत जाहीर केली. प्रत्येक स्वाराने जाताना व येताना एकच सायकल वापरली पाहिजे, असा नियम होता, आणि कोणी ती मध्येच बदलू नये म्हणून प्रत्येक सायकलीवर मोहोर ठोकण्यात आली होती. माणसाचे शरीर इतके श्रम सहन करील काय, अशी शंका अनेकांना वाटत होती. दोनशेंहून अधिक स्वार निघाले. त्यांपैकी सुमारे निम्मे परत पोहोचले.

ती शर्यत शार्ल तेराँ याने ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. त्याच्या सायकलीला मिशेलिन बंधूंनी तयार केलेले, चाकावरून काढता-घालता येणारे टायर होते. तोपर्यंतचे टायर चाकाला चिकटविलेले असत आणि त्यांचे पंक्चर काढावयाचे म्हणजे तासन्‌तास खोळंबा होई. तथापि तेराँच्या विजयाचे कारण केवळ टायर नव्हे. परतीच्या वाटेवर गँगाँ या गावी त्याच्या पुढे असलेला झिएल-लाव्हाल हा स्वार थोडी विश्रांती घेण्यासाठी झोपला होता. तो झोपेत असतानाच तेराँ गावातून निघून गेला आणि पुन्हा हाती लागला नाही. तीन रात्री न झोपता तो पॅरिसला आला, तेव्हा पहाटेच्या वेळीही हजारो लोक त्याची वाट पाहत उभे होते.

पुढे दर दहा वर्षांनी ही शर्यत होऊ लागली. १९०१ साली मॉरिस गारँ याने ती ५२ तास ११ मिनिटांत जिंकली. हाच गारँ दोन वर्षांनी पहिल्या ‘टूर द फ्रान्स’चा विजेता ठरला. १९३१ साली ऑस्ट्रेलियाचा ह्यूबर्ट ऑपरमन पहिला आला. फ्रान्समधील एका हलवायाने या शर्यतीच्या नावाने चाकाच्या आकाराचे एक पक्वान्न बनविले. ते आजही त्या देशात मिळते, आणि ज्यांनी आयुष्यात कधी पॅडल मारले नाही त्यांनाही पॅरिस-ब्रेस्ट हे नाव त्या गोडामुळे ठाऊक असते. धंदेवाईक स्वारांची शेवटची शर्यत १९५१ साली झाली. एवढा दीर्घ पल्ला त्यांना पुढे परवडेनासा झाला. मात्र ज्यांना बक्षिसाची अपेक्षा नव्हती, त्या हौशी मंडळींनी तो सोडला नाही.

या हौशी मंडळींची परंपरा निराळी आहे. १८९७ साली इटलीतील काही सायकलस्वार एका दिवसाच्या उजेडात रोमहून नेपल्सपर्यंत, म्हणजे सुमारे २३० किलोमीटर गेले. त्यांना ‘ऑडॅक्स’ म्हणण्यात आले. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ धाडसी असा आहे. १९०४ साली हा प्रकार फ्रान्समध्ये आला. प्रारंभी सर्व स्वार एका पुढाऱ्यामागून ठरलेल्या वेगाने एकत्र जात. १९२१ पासून पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबाने दुसरी रीत सुरू केली. तीत प्रत्येकाने आपल्या वेगाने जावे, आपले खाणेपिणे व दुरुस्ती आपण पाहावी आणि ठरलेल्या मुदतीत पोहोचावे. अशा फेरीला ‘ब्रेव्हे’ म्हणतात. ब्रेव्हे म्हणजे प्रमाणपत्र. १८९१ साली स्त्रियांना पॅरिस-ब्रेस्टमध्ये प्रवेश नाकारण्यात आला होता. १९३१ साली हौशी स्वारांमध्ये स्त्रियाही होत्या.

ब्रेव्हेमध्ये पहिला क्रमांक नसतो, हे प्रथम ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. पहिला नाही आणि शेवटचाही नाही, मग चुरस कसली, असे तो विचारतो. चुरस असते ती घड्याळाशी. २०० किलोमीटरांस साडेतेरा तास, ३०० किलोमीटरांस वीस, ४०० किलोमीटरांस सत्तावीस आणि ६०० किलोमीटरांस चाळीस तास, अशी मुदत असते. या चारही फेऱ्या त्याच वर्षी पुऱ्या केल्यावाचून पॅरिस-ब्रेस्टला प्रवेश मिळत नाही. वाटेत ठिकठिकाणी ठाणी असतात. प्रत्येक ठाण्यावर स्वाराच्या कार्डावर शिक्का व वेळ पडते. ठाण्याचे दार ठरलेल्या वेळेआधी उघडत नाही आणि ठरलेल्या वेळेनंतर उघडे राहत नाही. एखादे गुप्त ठाणेही असते, म्हणजे कोणी जवळच्या वाटेने जाऊ नये. मदतीची मोटार मागेपुढे ठेवता येत नाही. मदत घ्यावयाची तर ठाण्यावरच.

आता नव्वद तास म्हणजे किती, ते हिशेब करून पाहावे. बाराशे किलोमीटर ताशी वीस किलोमीटर वेगाने गेल्यास साठ तास लागतात. उरले तीस. वाटेत पंधराच्या आसपास ठाणी. प्रत्येक ठिकाणी रांग, शिक्का, पाणी भरणे यांत अर्धा तास धरला तरी साडेसात तास जातात. जेवण आणि कपडे बदलणे यांत सहा तास. पंक्चर, सैल झालेली साखळी, चुकलेले वळण यांसाठी तीन तास. अडीअडचणीसाठी साडेतीन तास हाताशी ठेवावेत. आता दहा तास उरले, आणि चार रात्रींची झोप त्यांतच भागवावयाची आहे. यात वेग ताशी दोनच किलोमीटरने कमी झाला, तर साठ तासांऐवजी ६६ तास ४० मिनिटे लागतात आणि झोपेला चार रात्री मिळून ३ तास २० मिनिटे उरतात.

वेग कमी होण्यास अनेक कारणे असतात. हा मार्ग सपाट नाही. मोठे पर्वत नसले तरी चढउतार इतके आहेत की सर्व चढांची उंची एकत्र केली तर ती दहा हजार मीटरांच्या वर जाते. ब्रेस्टच्या अलीकडे रॉक त्रेव्हेझेल नावाचा चढ आहे. तो चारशे मीटरही उंच नाही, पण साडेपाचशे किलोमीटर पायांखालून गेल्यावर तो घाटाएवढा भासतो. त्यातच वारा पुष्कळदा समुद्राकडून, म्हणजे जाताना तोंडावर येतो. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. स्वार ताशी वीस किलोमीटर वेगाने जात असताना समोरून तितक्याच वेगाचा वारा आला, तर त्याच्या अंगावर ताशी चाळीस किलोमीटरची हवा येते आणि अवरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून अनुभवी स्वार एकामागे एक असे जवळजवळ चालतात. पुढचा हवा कापतो, मागच्याचे निदान एक-चतुर्थांश श्रम वाचतात, आणि थोड्या वेळाने पुढचा बाजूला होऊन रांगेच्या शेवटी येतो. अनोळखी माणसे, एकमेकांची भाषाही न जाणणारी, केवळ हाताच्या खुणेने ही पाळी सांभाळतात.

अन्नाचीही तीच गोष्ट. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर कष्टाच्या दोनतीन तासांनी सरत येते. शरीरातील चरबीचा साठा मोठा असला तरी तो सावकाश उपयोगात येतो. म्हणून भूक लागण्यापूर्वीच थोडे थोडे खात राहावे लागते. एखाद्याने हे टाळले तर एकाएकी पाय जड होतात, अंग थरथरते, आणि सोपा चढही चढवत नाही. आपल्याकडील ब्रेव्हेंत स्वारांच्या खिशात केळी, खजूर, चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू आढळतात.

पण सर्वांत कठीण हिशेब झोपेचाच. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात शरीराचे तापमान उतरलेले असते आणि झोप अनावर होते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री रस्त्याकडेचे झाड माणसासारखे दिसू लागते, दूरचा दिवा हलतो आहे असे वाटते. उतारावर क्षणभर डोळा लागला तर जिवाशी गाठ. सुमारे साडेचारशे किलोमीटरांवर लूदेआक या गावी ठाणे आहे. अनेक स्वार तेथे दुसऱ्या रात्रीच्या तोंडी पोहोचतात. भोजनगृहात टेबलावर डोके ठेवून, जमिनीवर, भिंतीच्या कडेला, जागा मिळेल तेथे माणसे पसरलेली असतात. काही ठाण्यांवर खाटांची सोय असते, आणि स्वाराने सांगितलेल्या वेळी स्वयंसेवक त्याला येऊन उठवितो. तीन तास झोपावे तर पुढच्या ठाण्याचे दार बंद होण्याची भीती. न झोपावे तर पुढचा उतार. तेराँच्या काळी न झोपणाऱ्याचा गौरव झाला. आज जाणते स्वार नवख्याला उलट सांगतात: पापणी मिटू लागली की सायकल बाजूस लावावी, वीस मिनिटांची का होईना, डुलकी घ्यावी, मग पुढे जावे. आणि उतरणेच शहाणपणाचे असेल तर उतरावे. २००७ साली पावसाने झोडपून काढले तेव्हा कित्येक कसलेल्या स्वारांनीही मध्येच माघार घेतली. त्यांना कोणी भित्रे म्हटले नाही.

या वाटेवरील गावकऱ्यांचा उल्लेख न करणे योग्य होणार नाही. ब्रिटनी प्रांतातील खेड्यांत लोक घरासमोर टेबल मांडून रात्रभर कॉफी, पाणी आणि धिरड्यांसारखे पदार्थ घेऊन बसतात. मुले हात पुढे करून उभी असतात. जाता जाता स्वाराने त्यांच्या हातावर टाळी द्यावी, एवढीच त्यांची अपेक्षा. एका गावी खाऊ घालणारे कुटुंब पैसे घेत नाही. घरी पोहोचल्यावर आपल्या देशातून एक चित्रपत्र पाठवा, असे ते सांगते.

आता भारतातूनही पुष्कळ स्वार तेथे जातात. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथे ब्रेव्हे भरविल्या जातात. पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्यास कात्रज आणि खंबाटकी हे घाट चढावे लागतात. आपल्याकडे प्रत्येक ठाण्यावर माणूस बसलेला असतोच असे नाही. मग धाब्याचे बिल किंवा वेळ छापलेली एटीएमची चिठ्ठी हाच पुरावा. अंधार पडण्यापूर्वी अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट आणि सायकलीला पुढे-मागे दिवे लावलेच पाहिजेत, कारण ट्रकच्या चालकाला स्वार दिसणे ही येथील पहिली गरज आहे. मात्र सह्याद्रीतल्या उन्हात तयार झालेल्या स्वाराला फ्रान्समधील ऑगस्टची थंडी जड जाते. २०१९ साली तेथे रात्री इतका गारठा होता की बोटे ब्रेकवर वळत नव्हती.

केवळ मुदत नव्हे, तर क्रमांकही असलेल्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यती वेगळ्या. अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा अशी सुमारे ४८०० किलोमीटरांची शर्यत असते. तीत मोटारीतून मदतनीसांचे पथक बरोबर जाते. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी २०१५ साली ती दोघांनी मिळून, आळीपाळीने सायकल चालवीत, नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली सैन्यातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली.

पॅरिस-ब्रेस्टला मदतनीसांचे असे पथक मागून येत नाही. चौथ्या रात्रीनंतर दुपार होईतो स्वार एकेक करून परत येत राहतात. पन्नास तासांत आलेला आणि एकोणनव्वद तास पन्नास मिनिटांनी आलेला, दोघांचीही नोंद सारखीच होते. अखेरच्या ठाण्यावर कार्ड तपासणीसाठी काढून घेतात. पडताळणी झाल्यावर ते स्वाराला परत मिळते. तोपर्यंत त्याच्या घड्या विरलेल्या असतात, आणि दोनचार शिक्क्यांची शाई पावसाने फुटलेली असते.