बीटा ब्लॉकर : एकाच क्रियेचे गुण आणि दोष

शरीरावर ताण आला की ॲड्रेनॅलिन व त्याच्या जातकुळीतील रसायने पेशींवरील ‘ग्राही’ नावाच्या प्रथिनांना चिकटतात आणि हृदयाचे ठोके वाढवतात. या ग्राहींचे आल्फा व बीटा असे दोन गट असावेत, हा तर्क अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रेमंड अलक्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडला. त्यांतील बीटा ग्राही अडवले तर हृदयाची प्राणवायूची गरजच कमी होईल, या विचारातून स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल विकसित केले आणि पुढे १९८८ मध्ये ते नोबेलचे मानकरी ठरले.

बीटा ब्लॉकरचे बहुतेक दुष्परिणाम याच अडवणुकीतून उद्भवतात. नाडी मंदावणे हा तर उपचाराचा हेतूच. पण जिना चढतानाही ती पुरेशी वाढत नसल्याने थकवा जाणवतो, रक्तदाब फार उतरल्यास भोवळ येते आणि त्वचेकडील रक्तप्रवाह घटल्याने हातपाय गार पडतात. श्वासनलिका सैल ठेवणारे ग्राहीही बीटा गटातलेच असल्याने दमेकऱ्यांना प्रोप्रॅनोलॉल धोक्याचे ठरते; मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही औषधे मुख्यतः हृदयातील ग्राहींवर काम करतात, मात्र मात्रा वाढली की ही निवड ढिली पडते.

मधुमेहींच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. इन्सुलिनमुळे रक्तातील साखर फार उतरली, तर एरवी थरथर आणि धडधड हे इशारे मिळतात. बीटा ब्लॉकर नेमके तेच दाबून टाकतात, घाम मात्र सुटतो, कारण घर्मग्रंथींना चेतवणारे रसायन ॲसिटिलकोलीन हे असून त्याचा बीटा ग्राहींशी संबंध नसतो. अशा रुग्णाला अवेळी फुटलेला घाम हा उकाड्याचा म्हणून सोडून देता येत नाही.

प्रोप्रॅनोलॉल मेदात विरघळत असल्याने मेंदूत सहज शिरते, त्यामुळे काहींची झोप चाळवते आणि विचित्र स्वप्ने पडतात. पाण्यात विरघळणाऱ्या ॲटेनोलॉलने हा त्रास सहसा कमी होतो. लैंगिक दुर्बलतेचा दोष मात्र सरसकट औषधाच्या माथी मारता येत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात ९६ पुरुषांना ॲटेनोलॉल देण्यात आले, तेव्हा औषधाचे नावही न सांगितलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनी, केवळ नाव सांगितलेल्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांनी, तर हा दुष्परिणामही सांगितलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी अशी तक्रार केली. धास्तीतून उपजणाऱ्या अशा त्रासाला ‘नोसिबो’ परिणाम म्हणतात. त्रास खराच असतो, त्याचे मूळ तेवढे गोळीत नसते.

त्रास होतो म्हणून गोळी परस्पर बंद करणे, हे यातील बहुतेक दुष्परिणामांहून घातक ठरू शकते. दीर्घकाळ अडवले गेलेले ग्राही संख्येने वाढलेले असतात, त्यामुळे अडसर अचानक निघताच नेहमीच्याच ॲड्रेनॅलिनने हृदय प्रमाणाबाहेर चेतवले जाते आणि छातीत कळ येण्यापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत काहीही घडू शकते. म्हणून औषध थांबवायचेच असेल, तर डॉक्टर त्याची मात्रा साधारण एक ते दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात.